घरखर्चाचे अंदाजपत्रक आणि एकरकमी पैसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस अंकगणित शिकवीत. तेव्हा त्यांच्या नावाने बोलताना घरखर्चासारखा रुक्ष विषय घेतला, याबद्दल संकोच बाळगण्याचे मला कारण दिसत नाही. माझी सारी नोकरी बँकेत, आणि बरीचशी भोपाळातच झाली. लोकांचा पैसा खिडकीच्या अलीकडून पाहण्याची संधी त्यामुळे मिळाली. आज जे सांगणार आहे ते त्याच खिडकीतून दिसलेले आहे.

आपल्या मराठी घरांतून जमाखर्चाची वही पूर्वापार आहे. दूध, किराणा, शाळेची फी, देवळातली दक्षिणा, सारे तीत उतरते. पण ती वही म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. वहीत गेलेल्या पैशाची नोंद असते. अंदाजपत्रक पैसा हाती येण्यापूर्वी मांडायचे असते. वर्षानुवर्षे काटेकोर वही लिहिणारी आणि तरीही दर दिवाळीला उसनवारी करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. दिवाळी दरवर्षी येते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तिच्यासाठी आषाढापासून बाजूला काढायची रक्कम कोठे लिहिलेली नव्हती, एवढेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश राज्य नव्याने घडले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कारकुनांची बिऱ्हाडे इकडे आली. तात्या टोपे नगरातील सरकारी घरे पुढे त्यांनी गजबजली. नव्या गावी ना ओळखीचा वाणी, ना उधारीचे खाते. त्यातच १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि आण्याची किंमत सव्वासहा नये पैसे भरू लागली. चार आण्यांचे पंचवीस बिनचूक होत; सुट्ट्या आण्याचे मात्र सहा द्यायचे की सात, यावर घासाघीस चाले. ज्या गृहिणींनी ते वर्ष निभावले, त्यांना अर्थशास्त्र कोणी शिकवले नव्हते. मात्र एक मोठा आधार त्यांच्यापाशी होता: पगार ठरलेला होता आणि पहिल्या तारखेला येत होता.

हा आधार आपण पगारदार माणसे इतका गृहीत धरतो, की तो नसलेल्यांचा न्याय करताना आपली जीभ फार सैल सुटते. भोपाळात एक वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, तेही सुशिक्षितांच्या तोंडून: ‘गॅसवाल्यांनी भरपाईचे पैसे उडवले.’ आज या वाक्याचा हिशेब मांडावा अशी माझी इच्छा आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र मी वर्णन करीत नाही. कारखान्याभोवतालच्या जे. पी. नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांत हातावर पोट असलेली माणसे राहत. ज्याची फुप्फुसे गेली तो हमाली करू शकत नाही. त्याचे उत्पन्न त्या रात्रीच संपले. कंपनी आणि भारत सरकार यांच्यातला ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला फेब्रुवारी १९८९ मध्ये. बाधित ठरलेल्या प्रभागांत माणशी दरमहा २०० रुपयांची अंतरिम मदत सुरू झाली १९९० मध्ये. दाव्यांचे निवाडे त्यानंतर, १९९२ पासून होऊ लागले. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला आले २५,००० रुपये, तेही आधी दिलेली मदत वळती करून.

आता गुरुजींचे सरळव्याज लावू. दसादशे दहाने २५,००० रुपयांचे वर्षाला २,५०० होतात, म्हणजे दरमहा सुमारे २०८. अंतरिम मदतीइतकेच! मुद्दलाला हात न लावता आयुष्यभर एवढेच मिळणार, आणि महागाई मात्र वाढत जाणार. त्यातून दहा हजार वळते झाले असे धरले, तर उरलेल्या पंधरा हजारांवर दरमहा १२५. ज्या रकमेतून एका माणसाचे दूध आणि औषधही भागत नाही, ती ‘उडवली’ म्हणायची कशी?

बरे, ही माणसे त्या मधल्या वर्षांत जगली कशावर? बहुतेकांची उधारीवर गुजराण झाली. समजा, सावकाराचे दहा हजार आहेत, दरमहा शेकडा तीन दराने. त्यांचे व्याज महिन्याला ३०० रुपये. तेच दहा हजार बँकेत ठेवले तर महिन्याला ८३ रुपये येतील. रक्कम मिळताच जो थेट सावकाराकडे गेला आणि चार दिवसांत रिकाम्या हाताने घरी आला, त्याने, मित्रहो, त्या परिस्थितीतले सर्वांत शहाणे अंदाजपत्रक मांडले. शेजाऱ्यांना मात्र दिसले एवढेच, की पैसे चार दिवसांत संपले.

सर्वांनीच असे केले, असा माझा दावा नाही. लग्नात उधळलेले, दलालाने खाल्लेले पैसेही मी पाहिले. परंतु त्याचे मोठे कारण पैसा येण्याच्या रीतीत होते. आठ-दहा वर्षे वाट पाहायला लावून एकदम हाती पडलेली रक्कम माणसाला पगारासारखी वापरता येत नाही. तिच्यामागे साचलेली देणी, अडलेली लग्ने आणि गळकी छपरे एकाच दिवशी रांगेत उभी राहतात. डॉलरच्या रूपात शिल्लक राहिलेला निधी रुपया घसरल्यामुळे आणि व्याजामुळे फुगला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००४ साली त्यातले सुमारे १,५०३ कोटी वाटावयाचे ठरले. मूळ भरपाईएवढीच रक्कम पुन्हा मिळाली. म्हणजे वीस वर्षे थांबण्याची किंमत गरिबांनी मोजली आणि वाढ कागदावर झाली. अब्दुल जब्बार आणि गॅसपीडित महिलांची त्यांची संघटना दानापेक्षा काम मागत होती, त्याचा अर्थ मला बँकेत बसून नीट कळला. त्या बायकांना शिवणकामाची नियमित मजुरी हवी होती, कारण नियमित पैशाचेच अंदाजपत्रक होते.

आपल्यालाही हा प्रसंग एकदा येतोच. निवृत्तीच्या दिवशी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान एकदम हाती पडते, आणि पहिली तारीख कायमची थांबते. तेव्हा काय करावे, असे माझे जुने सहकारी विचारतात. माझे उत्तर साधे आहे. प्रथम जास्त व्याजाचे कर्ज फेडा. मग उरलेल्या रकमेला महिन्यांनी भागा. साठीच्या माणसाने वीस वर्षे, म्हणजे २४० महिने धरावेत. चोवीस लाख असतील तर महिन्याचे दहा हजार झाले. व्याज या हिशेबात घेऊच नये; ते महागाईसाठी आणि ऐंशीनंतरच्या वर्षांसाठी सोडून द्यावे. मुलाच्या फ्लॅटला चार लाख द्यायचे झाले, तर चाळीस महिने दिले असे म्हणावे आणि मगच धनादेश लिहावा. हजार-लाखांच्या ऐवजी महिने मोजू लागले की घरातले संभाषणच बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तरुण मंडळींचा प्रश्न उलटा आहे. ते पुढचे महिने आजच विकतात, त्याला हप्ता म्हणतात. मोबाइलवरून पैसे देताना नोट हातातून सुटत नाही, त्यामुळे वहीतली नोंदही सुटते. पण बँकेच्या पुस्तिकेत ती सुटत नाही. महिन्याअखेरीस ती पुस्तिका उघडून पाहणे, एवढा तरी क्लेश त्यांनी घ्यावा.

दहावीच्या वर्गासाठी मी एका पाच माणसांच्या घराचा वर्षाचा कोरा तक्ता आखून आणला आहे. बारा रकाने महिन्यांचे, तेरावा अवचित खर्चाचा. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने तो आता वाटतो. घरी जाऊन आईला विचारून भरा. बाबांना नंतर विचारा.