तारेतून वीज, पऱ्हाटीतून का नाही?

श्रोतेहो, तुमच्या वावरातल्या मोटारपंपाला वीज येते ती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेतून. वाळलेल्या पऱ्हाटीतून ती का येत नाही? याचे उत्तर अणूच्या घडणीत आहे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते, आणि त्याभोवती थराथरांनी इलेक्ट्रॉन. तांब्याच्या अणूत ते 29 असतात: आतून 2, 8, 18, आणि सर्वांत बाहेर एकटा 1. या एकट्यावर केंद्रकाची पकड सैल. असंख्य अणू शेजारी आले, की हे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत. गायरानातल्या गुरांसारखे साऱ्या तारेत मोकळे फिरतात. विजेचा दाब मिळताच ते एका दिशेने सरकू लागतात. हाच विजेचा प्रवाह. ॲल्युमिनियमची मांडणी 2, 8, 3. त्याचेही बाहेरचे इलेक्ट्रॉन असेच मोकळे होतात.

लाकडात मात्र इलेक्ट्रॉन अणूंना एकमेकांशी जोडण्यात गुंतलेले असतात. पण हिरव्या पऱ्हाटीच्या रसात, घामात, विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यांचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, वीज वाहून नेतात. पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली काळी जमीन ओलीचिंब असते. तेव्हा ओल्या हाताने बटन दाबू नका. पंपाचे अर्थिंग तपासून घ्या. तार तुटून पडली, तर वाळलेल्या काठीनेसुद्धा हलवू नका. उच्च दाबापुढे तिचा भरवसा नाही. दूर राहा, वीज कार्यालयाला कळवा.

गुरुजी, एवढे मुलांना समजावले, तर हा धडा घरोघर पोचेल.