दिवा, पट्टा आणि पाटी



रात्री मागून निळा-तांबडा दिवा फिरवीत एखादी गाडी आली, की आपण मुकाट्याने बाजूला होतो. आत बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्याचे ओळखपत्र आपण पाहिलेले नसते. आपण मान देतो तो त्या दिव्याला, दारावरील पट्ट्याला आणि चार अक्षरांना. कारण त्यांच्यामागे कायदा उभा आहे असे आपण धरून चालतो. नागरिकांचा हा विश्वास गावच्या गायरानासारखा सर्वांच्या मालकीचा आहे. आणि गायरानाचे जे झाले तेच आज त्याचे होत आहे. ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो त्यावर आपले कुंपण घालीत आहे.

कोणत्याही मोठ्या शहरात डोळे उघडे ठेवून हिंडा. पुढच्या काचेमागे ‘पोलीस’ अशी पाटी ठेवलेली खासगी मोटार आढळते. ती कधी शिपायाच्या मेव्हण्याची असते, तर कधी कोणाचीच नसते. नव्या वसाहतींच्या फाटकाशी सुरक्षा एजन्सीची पांढरी जीप उभी असते. छपरावर दिव्यांची पट्टी, अंगावर निळे-तांबडे पट्टे, आणि ‘सुरक्षा’ हा शब्द अशा बेताने रंगवलेला, की दुरून तो दुसराच वाचला जावा. बिल्डरच्या वादग्रस्त जमिनीवर अशी जीप येऊन उभी राहिली म्हणजे झोपडीतील बाईला ती कोणाची, हे विचारण्याचे धैर्य होत नाही. ते होऊ नये यासाठीच तर रंगाचा खर्च केलेला असतो.

ही केवळ बडेजावाची हौस आहे, असे म्हणणाऱ्यांनी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात काय घडले ते पाहावे. १८ व १९ एप्रिल २०२० या दोन दिवसांत तेथे एका इसमाने सुमारे तेरा तासांत बावीस माणसांचे बळी घेतले. पोलिसांनी मोडीत काढलेली मोटार त्याने सरकारी विक्रीतून घेतली होती आणि तिच्यावर तेथील राष्ट्रीय पोलीस दलाची चिन्हे हुबेहूब चिकटवली होती. पोलिसांनाच पोलीस ओळखू येईनात! एका शिपायाला वाटले की समोरून आपली सहकारी येत आहे. त्या गाडीतून त्याच्यावर गोळ्या सुटल्या. तर एका अग्निशमन केंद्राबाहेर खऱ्या पोलीस गाडीशेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसावर खऱ्या पोलिसांनीच गोळीबार केला; सुदैवाने कोणी दगावले नाही. मारेकऱ्याकडे पोलिसांसारखी गाडी आहे, हे वाचलेल्या लोकांनी रात्रीच सांगितले होते. तिचे छायाचित्र जनतेपुढे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून गेल्यावर. लोकांनी भरवसा ठेवावा की पळावे, हे ठरवण्यासाठी लागणारी एकमेव माहिती तेवढा वेळ फायलीत पडून राहिली. पुढे २०२१ मध्ये त्या प्रांताने पोलिसांची चिन्हे, गणवेश व साधने कोणी बाळगावी याविषयी स्वतंत्र कायदा केला, आणि जुन्या पोलीस गाड्यांची विक्रीही त्याच वर्षी थांबवण्यात आली.

आपल्याला तर हा धडा त्याच्याही आधी मिळालेला आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या आवारात शिरलेल्या हल्लेखोरांच्या पांढऱ्या अँबॅसिडरवर लाल दिवा होता आणि काचेवर गृहमंत्रालयाचा बनावट परवाना. अडवणाऱ्याचा हात आखडावा, एवढेच त्यांना हवे होते. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे उतरले, हे चांगले झाले. परंतु दिवा उतरला म्हणून हौस उतरत नाही. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरील दिव्यावरून केवढा गदारोळ उठला, हे आपण वाचले आहे.

कायदा काय म्हणतो? लोकसेवकाचा पोशाख वा चिन्ह फसवणुकीच्या हेतूने वापरणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत तीन महिन्यांची कैद किंवा दोनशे रुपये दंड होता. २०२४ मध्ये न्यायसंहिता लागू झाली आणि दंड पाच हजारांवर गेला. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्यातील एकविसावे कलम अधिक नेमके आहे. रक्षकाने सैन्याचा वा पोलिसांचा किंवा तसा भासणारा गणवेश घातला, तर तो आणि एजन्सीचा मालक दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. मालकालाही धरले, ही त्या कलमाची खरी ताकद. पण ते कलम कापडापाशी थांबते. गाडीच्या पत्र्याचा त्यात उल्लेख नाही. दिवे आणि भोंगे यांचे नियम मोटार वाहन नियमावलीत आहेत, पण ते मोडणाऱ्याला अडवणार कोण? अडवायचे ज्याने, त्याच्याच खासगी गाडीत ‘पोलीस’ पाटी असते.

आता त्या जीपच्या चाकामागे बसलेल्या माणसाकडे पाहू. तो लातूरकडून किंवा बिहारमधून आलेला, बारा तासांची पाळी करणारा, पावसाळ्यात पत्र्याच्या चौकीत भिजणारा कामगार आहे. त्याच्या अंगावर धाक चढवून त्याचा मालक ग्राहकाकडून जादा पैसे घेतो; धाकाचा मोबदला त्याच्या हाती पडत नाही. महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. त्यातून मंडळे स्थापन झाली, नोंदणी आणि मजुरी मंडळामार्फत व्हावी ही माथाडी कामगारांच्या लढ्यातून आलेली कल्पना रक्षकांपर्यंत पोहोचली. पण त्याच कायद्यातील सूट देणारे कलम वापरून एजन्सींनी आपली स्वतंत्र वाट काढली. रक्षकाला प्रतिष्ठा हवी असेल, तर ती आठ तासांच्या पाळीतून आणि पुरत्या वेतनातून येईल. उसन्या पट्ट्यांमुळे त्याच्या वाट्याला येतो तो फौजदारी गुन्ह्याचा धोका. कारण प्रसंग आला की मालक हात झटकतो आणि चालक सापडतो.

म्हणून एकविसाव्या कलमात वाहनाचा समावेश व्हावा आणि मालकाची जबाबदारी तशीच कायम राहावी. पोलीस खात्याने मोडीत काढलेली गाडी लिलावाच्या आवारातून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावरचे प्रत्येक अक्षर खरवडून निघाले पाहिजे आणि दिव्याचा सांगाडाही उतरला पाहिजे. खासगी गाडीतील पाट्यांची तपासणी पोलीस वसाहतींच्या फाटकापासून सुरू व्हावी. आणि तुमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा भरेल तेव्हा सुरक्षेच्या कंत्राटाचा कागद मागवून घ्या. गस्तीच्या जीपसाठी किती रक्कम लावली आहे आणि रक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीत किती भरले जाते, हे दोन आकडे सभेत मोठ्याने वाचायला सांगा.