बालसंग्रहालयांचा स्वतःचा संघ

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात सुट्टीच्या दिवशी गेलात, तर निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी मुलांचा घोळका हमखास दिसतो. सांगाडा 70 फुटांच्या आसपास लांब. मुलं शेजारून पावलं मोजत चालतात, आकडा एकमेकांना ओरडून सांगतात आणि चालता चालता हात पुढे करतात. लगेच मागून आवाज येतो, "ए, हात नको लावूस!" रखवालदाराचं काही चुकत नाही. वस्तू जपणं हे त्याचं कामच आहे. पण ते हाड गार आहे की खरखरीत, ते इतकं वजन कसं पेलत असेल, हे त्या मुलाला हातानंच कळणार होतं.

मुलांच्या या हातासाठी 1899 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक वेगळं संग्रहालय निघालं. खास मुलांसाठी काढलेलं जगातलं पहिलं संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं. पुढे 1962 मध्ये बॉस्टनच्या बालसंग्रहालयाची सूत्रं मायकेल स्पॉक यांच्याकडे आली. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू चिरून त्यांच्या आत काय असतं ते मुलांसमोर मांडलं. काचेच्या कपाटांची जागा हातात घेऊन बघायच्या वस्तूंनी घेतली.

त्याच 1962 साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली, आणि मला आज बोलायचं आहे ते तिच्याविषयी. मुलांची संग्रहालयं चालवणारी माणसं एकत्र आली आणि त्यांनी आपला संघ काढला. आज तो 'असोसिएशन ऑफ चिल्ड्रन्स म्युझियम्स' या नावानं काम करतो. नफा कमावण्यासाठी तो निघालेला नाही. तो सभासदांचा आहे आणि सभासदांसाठी चालतो.

अशा संघाची गरज काय, असं कोणी विचारेल. बालसंग्रहालयात काम करणाऱ्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. दोनशे मुलांनी फिरवलेली कप्पी संध्याकाळी मोडलेली असते. ती कोण दुरुस्त करणार, आणि उद्या पुन्हा मोडू नये म्हणून ती कशाची बनवायची? चार वर्षांच्या मुलासाठी टेबल किती उंच हवं? अंध मूल आलं तर त्याच्या हाती काय द्यायचं? शाळेची सहल आली की वर्गशिक्षिकेनं नेमकं काय करायचं? इतिहासाच्या किंवा कलेच्या संग्रहालयातला सहकारी या प्रश्नांना पुरा पडत नाही, कारण त्याचं शिक्षण वस्तू जपण्याचं झालेलं असतं. इथे वस्तू झिजणारच, हे धरूनच कामाला लागायचं असतं. ज्याच्याकडे तीच कप्पी मागच्या वर्षी मोडली होती, तोच याचं उत्तर देऊ शकतो. अमेरिकेतला संघ अशा माणसांची दरवर्षी परिषद भरवतो आणि चांगल्या कामाचे निकष ठरवून देतो. एका संग्रहालयाचं सभासद असलेल्या कुटुंबाला योजनेतल्या दुसऱ्या गावच्या संग्रहालयात निम्म्या दरानं प्रवेश मिळेल, अशी व्यवस्थाही त्यानं लावली आहे. 2014 पासून तिथल्या एका सरकारी संस्थेच्या सोबतीनं हा संघ आणखी एक योजना चालवतो. ज्या कुटुंबांना सरकारकडून धान्यासाठी मदत मिळते, त्यांना फुकट किंवा नाममात्र पैशांत आत सोडलं जातं. ही योजना मला सगळ्यांत मोलाची वाटते. एकट्यादुकट्या संग्रहालयाला हे करायचं तर वर्षाचा हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. शेकडो जणांनी मिळून ठरवलं की तीच रीत होऊन बसते.

आता आपल्या घराकडे वळू. मुलांच्या शिक्षणाचा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते राज्यभर लागू केलं. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. त्यांच्या मागोमाग जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ग्रंथालयांची चळवळ नेटानं पुढे नेली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी क्रीडाशाला होती. तिथे पुस्तकांच्या जोडीला खेळ आणि चित्रंही असत. पडद्यावर चित्रं दाखवणारे मॅजिक लँटर्न घेऊन माणसं खेडोपाडी जात. मुलांनी बघावं, हाताळावं आणि मग वाचावं, हा क्रम त्या काळी इथल्या लोकांनी ओळखला होता.

ज्या अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग झाला, तिथेच 1955 मध्ये गिरधरभाई बालसंग्रहालय उभं राहिलं. हा योगायोग असेलही, पण मला तो भावतो. कोलकात्यात 1972 पासून नेहरू बालसंग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं 2015 मध्ये चाकांवरचं संग्रहालय सुरू केलं. तिथली बस थेट शाळेच्या दारात जाऊन उभी राहते. 2019 मध्ये त्याच आवारात गोरखचिंचेच्या जुन्या झाडाजवळ मुलांचं स्वतंत्र संग्रहालयही उघडलं. म्हणजे काम होतंय, जिवापाड मेहनत करणारी माणसंही आहेत. पण अमरेलीत शिकलेला धडा मुंबईला कळायची सोय पाहिजे, आणि मुंबईचा अमरेलीला.

देशातल्या सगळ्या संग्रहालयांची म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया 1944 पासून आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. तरीही मुलांचं काम करणाऱ्यांना त्यांचं स्वतःचं बैठकीचं टेबल हवं, असं मला ठामपणे वाटतं. ते टेबल बडोद्यात मांडावं. आपल्या संग्रहालयाचे डॉ. हेर्मान ग्योट्झ यांच्या पुढाकारानं सयाजीराव विद्यापीठात 1952 मध्ये संग्रहालयशास्त्राचं शिक्षण सुरू झालं. याच विभागातल्या प्रा. व. ह. बेडेकरांनी, संग्रहालय वस्तूंइतकंच लोकांचं असतं, हा विचार आपल्या लिखाणातून नेटानं मांडला. इथून शिकून गेलेली मुलंमुली आज देशभरच्या संग्रहालयांत आहेत. पत्ते, ओळखी, गुरुशिष्यांची नाती, सगळं तयार आहे.

सुरुवातीला इमारत नको, मोठं अनुदानही नको. माफक वर्गणी, एक चिटणीस आणि वर्षातून दोन दिवसांची बैठक एवढं पुरे. पहिल्या बैठकीला संचालकांइतक्याच अगत्यानं त्या कप्प्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांना, बालवाडीच्या शिक्षिकांना आणि दालनात दिवसभर उभ्या असणाऱ्या रखवालदारांनाही बोलवावं. प्रवासखर्च संघानं द्यावा. पहिलाच विषय घ्यावा तो हात लावू देण्याचा. कोणत्या वस्तूला, कोणाच्या देखरेखीखाली, आणि खऱ्या वस्तूच्या जागी नक्कल ठेवायची तर ती कशाची बनवायची, हे त्या दोन दिवसांत ठरावं आणि मराठी-गुजरातीत छापून प्रत्येक सभासदाकडे पाठवावं.