अंगठा वाळण्याआधी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जन्मगावी ही परिषद भरते आहे, याचा आपल्या सर्वांनाच अभिमान आहे. प्रथेनुसार अध्यक्ष म्हणून मी हाताच्या शस्त्रक्रियेतील नव्या प्रवाहांचा आढावा घ्यायला हवा. तो मी घेणार नाही, कारण या शहरात उभं राहून एकाच विषयावर बोलावं असं मला वाटतं आणि तो विषय आपण फार वर्षं बाजूला ठेवला आहे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईचा हात आपल्या टेबलावर इतक्या उशिरा का येतो?

त्या हातावर करायची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया आपल्या शास्त्रातली अत्यंत भरवशाची शस्त्रक्रिया आहे. मनगटाच्या त्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन आणि एक मीडियन नर्व्ह जाते. वरचं लिगामेंट कापलं की नसेवरचा दाब उतरतो. पॅरिसमध्ये मारी आणि फ्वा यांनी 1913 मध्ये एका वृद्धेच्या शवविच्छेदनात ही दबलेली नस पाहिली आणि वेळीच लिगामेंट कापलं असतं तर अंगठ्याचा स्नायू वाचला असता, असं सुचवलं. पुढे लर्मंथ यांनी ते प्रत्यक्षात केलं, 1947 मध्ये ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकिगत छापली आणि फॅलन यांनी हा आजार साऱ्या जगाला ओळखायला शिकवला. म्हणजे ‘वेळीच’ हा आग्रह शस्त्रक्रियेच्याही आधीचा आहे. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झालेले हात आपण आजही पाहतो आणि केसपेपरवर तशी नोंद करून पुढच्या रुग्णाकडे वळतो.

आपल्या परिषदांमध्ये चर्चा कशाची होते? छेद उघडा घ्यावा की दुर्बिणीतून जावं, याची. या वादातला पुरावा आता पुरेसा स्पष्ट आहे. लक्षणं कमी होण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या आहेत. दुर्बिणीने केलं तर रुग्ण सरासरी आठवडाभर आधी कामावर परततो. ज्याची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, त्याला आठवडा लहान नाही, हे मला मान्य आहे. तळहाताच्या बुडाशी जी दुखरी जागा काही आठवडे राहते, तिथेच पान कापायच्या कात्रीचा दाब येतो, हेही खरं. पण आठ दिवसांच्या या फरकावर आपण सत्रंच्या सत्रं घालवतो आणि रुग्ण ऑपरेशनपर्यंत पोहोचण्याआधी जी वर्षं जातात त्यांवर एक निबंधही वाचला जात नाही. लॅलोंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीने भूलतज्ज्ञाशिवाय, टर्निके न बांधता, लिडोकेन-अॅड्रेनलिनच्या इंजेक्शनवर ही शस्त्रक्रिया लहानशा खोलीत होऊ शकते. अडचण तंत्राची राहिलेलीच नाही.

अडचण काय आहे, हे विड्या वळणाऱ्या बाईचं काम जवळून पाहिलं की कळतं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूपानं. डाव्या हाताने पान धरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये ते घट्ट वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडायचं. मनगट बहुतेक वेळ वाकलेलं, चिमूट आवळलेली, आणि हे दिवसाला शेकडो वेळा. रात्री मुंग्यांनी जाग येते, ती हात झटकते आणि पुन्हा झोपते. पहिली काही वर्षं ती मानेची नस, अशक्तपणा, वय असं ऐकत राहते. बी-बाराची इंजेक्शनं घेते. बोटं बधिर झाली तरी डोळ्यांच्या आधाराने विडी वळता येते, म्हणून काम थांबत नाही. चिमूट सुटायला लागते, विड्या सैल होतात, कारखान्यात नापास होऊ लागतात, तेव्हा ती येते. तोवर स्नायू वाळलेला असतो. मग आपण लिगामेंट कापतो. मुंग्या जातात, झोप येते. वाळलेला अंगठा मात्र पूर्वीसारखा भरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, चिमटीवर पोट असलेल्या रुग्णात लक्षणं ठाम असतील आणि रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्याने ठरावीक मुदतीत उतार पडला नसेल, तर शस्त्रक्रिया लवकर सुचवावी. यावर आक्षेप येतो की हा अतिरेक आहे, पट्ट्यानेही अनेकजण बरे होतात. नेदरलँड्समधला 2002 चा अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. तो नीट वाचावा. अठरा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात 90 टक्के रुग्णांना गुण आला होता, पट्ट्याच्या गटात 75 टक्क्यांना; आणि पट्ट्याच्या गटातल्या 41 टक्के रुग्णांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण तो बहुतेकांना वर्षभरही पुरत नाही. गर्भारपणातला त्रास, नुकताच सुरू झालेला त्रास, थायरॉइड किंवा मधुमेहाची तपासणी व्हायची असलेला रुग्ण, इथे थांबावंच. पण थांबणं हा उपचार असेल तर त्याला तारीख हवी. ‘बघू, पुढच्या महिन्यात या’ हे या बाईच्या बाबतीत स्नायूच्या खर्चाने दिलेलं उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा आजार विड्यांमुळेच होतो कशावरून? मध्यमवयीन स्त्रियांना तो तसाही जास्त होतो. घरी भाकऱ्या थापणं, धुणं, भांडी आहेतच. खुद्द फॅलन यांनी त्याला कामाचा आजार मानायला विरोध केला होता. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो की तो मुद्दा आता मागे पडला आहे. सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये कारखान्यांतल्या कामगारांवर दाखवलं की जोर आणि पुनरावृत्ती एकत्र आली की धोका अनेक पटींनी चढतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेलचं नाव घातलं. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात 29 आजार होते, त्यात शिसं होतं, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता; मनगट नव्हतं. विड्या वळणाऱ्यांमधलं या आजाराचं नेमकं प्रमाण सांगणारा मोठा अभ्यास आपल्या हाती नाही, असं कुणी म्हणेल, तर तो दोष त्या बाईचा नाही. तो अभ्यास करायचं काम आपलं होतं.

आणि तो करणं अवघड नव्हतं. घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये विडी कायद्याबाबत आणि 1985 मध्ये भविष्य निर्वाह निधीबाबत मान्य केलं. म्हणजे तिचं नाव रजिस्टरवर आहे. याच शहरातल्या संघटनांनी लढून कुंभारीला दहा हजार घरकुलं मिळवली, म्हणजे पत्ताही ठाऊक आहे. फक्त आपल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेलं असतं.

विड्यांचा धंदा संपत चालला आहे, तंबाखू वाईटच आहे, मग त्या कामासाठी हात दुरुस्त का करायचा, असंही ऐकू येतं. तंबाखूविषयी माझं वेगळं मत नाही. पण धंदा बुडाला की या बायका शिवणकामाकडे, टॉवेलच्या कारखान्यांकडे वळणार, आणि बधिर बोटांना सुई धरता येत नाही. विडी सुटावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर तो अंगठा आधी वाचवायला हवा.

उरला मजुरीचा प्रश्न. जखम भरायला दोन आठवडे, घट्ट चिमूट परत यायला त्याहून बरेच जास्त. या काळात घरात पैसा येत नाही, म्हणून ती ऑपरेशन टाळते. विड्यांवरचा, कामगारांच्या कल्याणासाठीचा 1976 चा उपकर जीएसटीबरोबर 2017 मध्ये गेला, तेव्हा डॉक्टरांच्या एकाही संघटनेचा जोरदार आवाज ऐकू आला नाही. विश्रांतीची मजुरी हा आपला विषय नाही असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पथ्याशिवाय औषध आपण लिहून देतो का? या शस्त्रक्रियेचं पथ्य म्हणजे पगारी विश्रांती. ती मागण्याचा अधिकार डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या हाताला आहे.

काय करता येईल, याचा सगळा तपशील मी मांडलेला नाही. केसपेपरवर खरा व्यवसाय लिहिणं उद्यापासून सुरू होऊ शकतं. विडी घरकुल वसाहतीत आणि कुंभारीत तपासणी, वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून मोजणी, कामगार खात्याकडे निवेदन, हे त्यानंतर. यासाठी समिती नेमावी की नाही, ते उद्याच्या सर्वसाधारण सभेत ठरवा. पण समितीची पहिली बैठक होईपर्यंत तपासणी थांबवू नये, एवढी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे.