साकवावरचं ओझं

अलिबागच्या बंगल्यांवर, मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबं आपल्याला नवी नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ती मोकळेपणाने येतात, राहतात, राबतात. बापाला आपण नाव न विचारताच ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो, हेही बरं नव्हे. मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि बघता बघता आपल्यासारखं मराठी बोलू लागतात. आपण कौतुक करतो, आणि लगेच त्या मुलांना दुभाष्याच्या कामाला लावतो.

कसं, ते सांगतो. आईला झोप नाही, अन्न जात नाही, छातीत सारखी धडधड. दवाखान्यात सोबतीला दहा वर्षांची लेक. डॉक्टर विचारतात, ‘जीव नकोसा वाटतो का?’ हे लेकीने आईला विचारायचं आणि आईचं उत्तर आपल्या तोंडाने सांगायचं! बाप पितो का, हात उगारतो का, तेही तिनेच. आई लेकीसमोर खरं बोलेल का? आणि बोललीच, तर ती पोर रात्री झोपेल का?

ओढ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव असतो. माणसं ये-जा करतात, पण चिऱ्यांनी भरलेली गाडी त्यावरून कुणी नेत नाही. खोड वरून धडधाकट दिसतं, कुजतं ते खालून. ही मुलंही तशीच, वर्गात हुशार, घरात कर्ती. दुकानातला हिशोब, मालकाचा निरोप, शाळेचा फॉर्म, एवढी ये-जा साकव सोसतो. आईचं दुखणं नाही सोसत. पुन्हा सांगतो, आईच्या मनाचं दुखणं त्या पोरीच्या तोंडून वदवून घेऊ नका.

अमेरिकेत मेक्सिकोहून गेलेल्या घरांतली मुलंही हेच करत आली. तिथे २०१६ च्या नियमाने, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना, आणीबाणी सोडता, लहान मुलाला दुभाषी करायला मनाई केली. आपण नियमाची वाट कशाला पाहायची?

मनाच्या दुखण्यासाठी सरकारच्या टेली-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत किंवा हिंदीत बोला. वाडीच्या मालकांनो, तो राखणदाराच्या खोलीत ठळक लिहून ठेवा. आणि त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर हिंदी येणारी एखादी मोठी बाई सोबत पाठवा. लेकीला शाळेत जाऊ द्या.