अडकलेला रिफंड आणि पेटीतली लग्नपत्रिका

डिसेंबर सुरू आहे, कापूस वेचून वेचून बोटे सोलली आहेत. आता घरी आला असाल, चूल पेटली असेल. हातातले काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आम्ही आयकराविषयी बोलणार आहोत.

आयकर म्हटले की आपण म्हणतो, ते पगारदारांचे आणि व्यापाऱ्यांचे. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण आमच्या बचत गटातल्या एका काकूंचे ८,४०० रुपये आयकरात अडकले, आणि ते सोडवून आणायला आम्हाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत जे कळले ते सोयगाव, फर्दापूर, बनोटी, जरंडीच्या बायकांनाही कळावे, म्हणून हे बोलणे.

काकूंचे यजमान नोकरीत असतानाच गेले. फंडाचे आणि विम्याचे मिळून सहा लाख आले. ते काकूंनी मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज झाले ४२,०००. जूनच्या बैठकीत पासबुक दाखवून त्या म्हणाल्या, "व्याज कमी का आलं, बघा बरं." पाहिले तर ८,४०० रुपये टीडीएस म्हणून कापलेले. टीडीएस म्हणजे हातात पैसे देण्याआधीच कापून सरकारकडे भरलेला कर. तेव्हा वर्षाचे व्याज ४०,००० च्या वर गेले की बँकेला तो कापावा लागे. साधारणपणे शंभराला दहा. काकूंचे वीस कापले, कारण त्यांचे पॅन कार्ड निष्क्रिय होते.

निष्क्रिय म्हणजे काय? पॅन आधारला जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली. ज्यांनी जोडले नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून झोपले. कार्ड पेटीत तसेच दिसते, नंबरही तोच, पण कर दुपटीने कापला जातो आणि परत मिळायचा रिफंड थांबतो. काकूंना हे कुणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? पॅनचे सगळे यजमान बघत.

आता मुख्य गोष्ट ऐका. तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर त्या वर्षी करच लागत नव्हता. म्हणजे हे ८,४०० काकूंचेच. पण सरकार ते आपणहून परत पाठवत नाही. विवरणपत्र भरून मागावे लागतात.

गावातल्या एका माणसाने सांगितले, "मी काढून देतो, चौथा हिस्सा माझा." काकू तयार झाल्या होत्या. आम्ही म्हटले, थांबा, आधी कुठे अडकलेय ते तर बघू.

पहिला अडथळा नावाचा. पॅन लग्नाआधीचे, माहेरच्या नावाचे. आधार सासरच्या नावाचे, त्यात नावापुढे बाई लावलेले. बँकेत तिसरेच, इंग्रजीत एक अक्षर जास्तीचे. पुरुषाचे नाव जन्मापासून तेच राहते. बाईचे मात्र लग्नात बदलते, आणि कागद लिहिणारा प्रत्येक जण आपल्या मनाने लिहितो. संगणकाला कुठे कळते की या तिन्ही बाया एकच आहेत? तो नुसता "जुळत नाही" म्हणतो.

पॅनवरचे नाव लग्नामुळे बदलायचे तर विवाह नोंदणीचा दाखला मागतात. काकूंचे लग्न वीस वर्षांपूर्वीचे, नोंदणी केलेली नाही. आम्ही हताश झालो होतो. मग कागदपत्रांची यादी नीट वाचली, तर त्यात लग्नपत्रिकाही चालते असे लिहिलेले! राजपत्रात छापलेला नावबदल किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखलाही चालतो, पण त्याला खेटे घालावे लागतात. काकूंनी पेटी उघडली, तळाशी हळदीचे डाग पडलेली पत्रिका निघाली. त्या दिवशी काम एका बाजूला राहिले, पत्रिका सगळ्यांच्या हातातून फिरली आणि लग्नात कोण रुसले होते इथवर गोष्टी निघाल्या. असो. पॅन दुरुस्त होऊन आले, मग आधारशी जोडले. त्याला १,००० रुपये शुल्क पडले. जिवावर आले, पण हजार भरून ८,४०० सुटत होते. जोडल्यावर पॅन लगेच जागे होत नाही, महिनाभर लागू शकतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला विवरणपत्र भरले. आयकराच्या संकेतस्थळावर ते फुकट भरता येते, आमच्यातल्या एकीच्या कॉलेजातल्या मुलीने भरून दिले. भरण्याआधी २६एएस नावाचा उतारा काढून पाहिला. आपल्या पॅनवर किती कर जमा झालाय ते त्यात दिसते. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल तर आधी बँकेत जा, पुढचे काही करू नका.

भरले की झाले असे आम्हाला वाटले. नाही झाले. भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी करावी लागते, नाहीतर भरलेच नाही असे धरतात. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. काकूंच्या आधारला नंबर होता यजमानांचा, आणि ते सिम केव्हाच बंद झालेले. किती जणींच्या आधारला अजून नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर आहे? मनातल्या मनात मोजा. नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो, १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला ७५ रुपये लागतात.

आम्ही तेव्हा दुसरी वाट धरली. आयटीआर-व्ही नावाचे एक पान निघते. ते छापून, निळ्या शाईने सही करून बेंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवले. तेही ३० दिवसांच्या आत तिथे पोचावे लागते. जळगाव नाही, संभाजीनगर नाही, सगळे सोयगावात बसून झाले.

ऑक्टोबरमध्ये रिफंड मंजूर दिसला आणि दोन दिवसांनी "फेल" दिसले! काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. पण फेल म्हणजे पैसे बुडाले असे नाही. रिफंड फक्त पॅनशी नाव जुळणाऱ्या आणि संकेतस्थळावर तपासून घेतलेल्या खात्यातच पडतो. काकूंच्या खात्यात ते जास्तीचे अक्षर अजून तसेच होते. बँकेत जाऊन केवायसी नव्याने केले, खाते पुन्हा तपासून घेतले, आणि रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाकली. दुसऱ्या कुणाचे खाते दोन वर्षे व्यवहार नसल्याने झोपलेले असेल. कुणाच्या बँकेचा आयएफएससी कोड बदललेला असेल, जशी देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. जुन्या पासबुकावरचा कोड डोळे झाकून लिहू नका.

नोव्हेंबरच्या शेवटी पैसे आले. ८,४०० आणि वर थोडे चिल्लर व्याज. पॅन निष्क्रिय असतानाच्या काळाचे व्याज मिळत नाही.

कुणाचा रिफंड वेगळ्याही कारणाने थांबतो. नोकरीतल्या मुलाला एजंट म्हणतो, खोटे घरभाडे दाखव, देणगी दाखव, मोठा रिफंड काढू. अशा खोट्या वजावटींसाठी आयकर विभागाने १४ जुलै २०२५ ला देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. सही मुलाची असते, एजंटची नाही.

रिफंडची वाट बघणाऱ्याला फसवणारेही टपलेले असतात. "रिफंड मंजूर, इथे दाबून खाते तपासा" असा मेसेज आला तर दाबू नका. आयकर विभाग पिन, ओटीपी, एटीएमचा नंबर मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. रिफंडची खरी चौकशी १८०० १०३ ००२५ वर होते, फुकट.

ज्यांचे राहिले असेल त्यांना उशिराचे विवरणपत्र त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर उशिराचा दंड नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीची तारीखही तीच होती, ३१ डिसेंबर. तिथेही पती किंवा वडिलांचा आधार मागत होते, म्हणून विधवा बहिणी अडकल्या होत्या. मग पती आणि वडील दोघेही नसतील तर स्वतःचे ई-केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची असे ठरले.

व्याजावर कर कापायची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली आहे, साठीच्या पुढच्यांना एक लाख. त्याहून जास्त व्याज असेल पण कर लागत नसेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत कर न कापण्याचा अर्ज द्या. पॅन मात्र जागे हवे.

येत्या बैठकीला प्रत्येकीने पॅन, आधार आणि पासबुक घेऊन यायचे आहे. तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर वाचायचे. आम्ही आमच्या गटात वाचले, तेव्हा बारा जणींपैकी फक्त तिघींचे सारखे निघाले. आणि हो, ज्यांच्याकडे लग्नपत्रिका असेल त्यांनी तीही आणा.