गंजलेला खिळा

नाव ऐकून कुणी ओठाला लावणार नाही असं एक पेय आहे. रस्टी नेल, म्हणजे गंजलेला खिळा! जेवण आटोपल्यावर निवांत गप्पा मारत ते घ्यायचं. करायला अगदी सोपं. बुटक्या ग्लासात बर्फाचे दोन-तीन मोठे खडे टाका. त्यावर ४५ मिलिलिटर स्कॉच आणि २५ मिलिलिटर ड्रॅम्बुई ओता, हलकेच ढवळा. लिंबाच्या सालीची पट्टी वरून पिळून आत सोडा. झालं! रंग गंजासारखा तांबूस येतो.

मात्र यात सोडा नाही की पाणी नाही. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा. हा त्याहून मोठा. गोडव्यामुळे ते जाणवत नाही. म्हणून एकच ग्लास, तोही सावकाश. आणि नंतर गाडी चालवायची नाही.

ड्रॅम्बुई म्हणजे स्कॉचमध्येच हेदर नावाच्या रानफुलांचा मध, वनस्पती आणि मसाले मिसळून केलेलं गोड लिक्युर. नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं, अर्थ तृप्त करणारा घोट.

त्यामागे एक आख्यायिका आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट हरला आणि रानोमाळ पळत सुटला. त्याला पकडून देणाऱ्याला सरकारनं ३० हजार पौंडांचं इनाम लावलं होतं. फ्लोरा मॅकडोनाल्ड या तरुणीनं त्याला दासीच्या वेषात स्काय बेटावर आणलं. तिथून मॅकिनन घराण्यातल्या माणसांनी होडीतून पलीकडे पोचवलं. फ्लोराला आणि त्यांनाही त्यापायी कैद भोगावी लागली. सप्टेंबरात राजपुत्र फ्रान्सकडे निसटला. देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यानं मॅकिननना या पेयाची कृती दिली, असं सांगतात.

इतिहासकारांना ही कृतीची गोष्ट पटत नाही. ड्रॅम्बुईचं व्यापारी उत्पादनच मुळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरात सुरू झालं. पण दुसरी गोष्ट पक्की आहे. राजपुत्र महिनोन् महिने गरिबांच्या झोपड्यांतून लपत फिरला. तो कोण, हे कितीतरी जणांना ठाऊक होतं. सात पिढ्या बसून खातील एवढी रक्कम समोर होती. तरी त्याला कुणीही विकलं नाही.

तेव्हा घेणाऱ्यांनी एक ग्लास घ्यावा. न घेणाऱ्यांनी नुसती गोष्ट घ्यावी. तीही जेवणानंतर सांगण्यासारखी आहे.